मॅक्रो फोटोग्राफीसाठी साहित्य कसे निवडावे

मॅक्रो म्हणजे लहान वस्तूंचे अगदी जवळून घेतलेले फोटो. लेन्स शोधण्याआधी पट्टी घ्या आणि ज्याचा फोटो काढायचा आहे ते मोजा. फुल-फ्रेम सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रतिमा टिपणारा भाग) ३६ × २४ मिमीचा असतो, म्हणजे १:१ मॅग्निफिकेशनला (सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढीच) तेवढीच जागा फ्रेममध्ये मावते. मोठ्या फुलपाखराला १:२ (प्रतिमा वस्तूच्या निम्मी) पुरते, मुंगीला मात्र १:१ सुद्धा अपुरे पडते.

मग अंतर ठरवा. ५०-६० मिमी फोकल लेंग्थची (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) मॅक्रो लेन्स १:१ ला विषयापासून १० सेंमीच्याही आत येते. तेवढ्या जवळून किडा उडून जातो, शिवाय लेन्सची सावली पडते ती वेगळीच. ९० ते १०५ मिमीच्या लेन्सला साधारण १३-१५ सेंमी मोकळे मिळतात. पहिली मॅक्रो लेन्स हीच घ्यावी. नाणी, दागिने अशा स्थिर वस्तूंना ६० मिमी चालते.

नवी लेन्स नको असेल, तर एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. ही कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी; तिच्यात काच नसते. ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ, एवढे मॅग्निफिकेशन वाढते: ५० मिमीवर २५ मिमीची ट्यूब लावली की ०.५ची भर. इलेक्ट्रॉनिक संपर्कबिंदू असलेलीच ट्यूब निवडा, नाहीतर बहुतेक आधुनिक लेन्सचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही. लेन्स २०० मिमीसारखी लांब असेल तर ट्यूबचा फायदा थोडाच होतो. तिथे पुढे लावायची क्लोज-अप लेन्स बरी. +४ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद) २०० मिमीवर लावल्यास अनंतावर, म्हणजे सर्वांत दूर, फोकस असताना सुमारे ०.८ पट मिळते. ती दोन काचांची, अ‍ॅक्रोमॅट प्रकारची हवी. एकेरी भिंगाने कडांना रंगीत झालर येते.

खरी अडचण उजेडाची. १:१ ला एफ/८ ठेवले (एफचा आकडा मोठा तेवढे छिद्र लहान) तरी जेमतेम १ मिमी खोली स्पष्ट येते. म्हणून अ‍ॅपर्चर लहान करावे, तर एफ/११ चा परिणाम एफ/२२ सारखा होतो (बहुतेक कॅमेरे आकडा एफ/११ च दाखवतात). प्रकाश घटतो, डिफ्रॅक्शनने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) बारीक तपशील मऊ पडतात. त्यामुळे बजेट मर्यादित असेल तर महागड्या लेन्सपेक्षा फ्लॅश आणि डिफ्यूझरला (फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) आधी पैसे ठेवा. डिफ्यूझर मोठा हवा आणि विषयाच्या अगदी जवळ. लहान आणि लांब असला तर भुंग्याच्या चकचकीत पाठीवर पांढरे ठिपके उमटतात.

ट्रायपॉड आणि फोकसिंग रेल (कॅमेरा थोडा थोडा पुढेमागे सरकवणारी पट्टी) स्थिर विषयांसाठी, विशेषतः फोकस स्टॅकिंगला (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडायला) लागतात. वाऱ्यावर हलणाऱ्या फुलापुढे त्यांचा उपयोग नाही. तिथे फोकस मॅन्युअलवर ठेवून स्वतः किंचित पुढेमागे व्हा आणि हवा तो भाग, किडा असेल तर त्याचा डोळा, स्पष्ट दिसताच शटर दाबा.