आमच्या सर्व्हरवरचा ऊस आणि नऊ हजारांचा हिरा

वडगाव, शहापूर, कंग्राळी आणि खानापूर इथल्या २२ पोरांसाठी मी माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या ऑनलाइन खेळाचा एक सर्व्हर चालवतो. खेळातल्या नाण्यांच्या व्यवहारासाठी त्यावर इसेन्शियल्स-एक्स हे प्लगिन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, आहे. सुरुवातीला हिरा २०० नाण्यांना मिळायचा, पाच आठवड्यांत तो ९,००० वर गेला. तुमच्या सर्व्हरवरही असं होत असेल तर आधी कुणाला ब्लॉक करत सुटू नका. पैसा कुठून येतोय ते शोधा.

आमचा पैसा उसातून येत होता. माझ्या भाच्यानं खेळातले ऑब्झर्व्हर (वाढ ओळखणारा ठोकळा) आणि पिस्टन (ढकलणारा ठोकळा) लावून आपोआप तोडणी होणारा उसाचा फड बांधला आणि रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवला. सकाळी १६,००० कांडी तयार. सेल कमांडला, म्हणजे वस्तू देऊन नाणी घ्यायच्या आज्ञेला, कांडीमागे ४ नाणी, म्हणजे एका रात्रीत ६४,०००. आपल्याकडे कारखान्याला ऊस घालून बिलाची वाट बघत बसतात, इथं बिल एका सेकंदात!

बाबा मार्केट यार्डात अडत्याकडे दिवाणजी होते. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "अडत्या पट्टी करतो ती घेणाऱ्याकडून येणाऱ्या पैशावर. तुझा घेणारा कोण?" घेणारा कुणीच नव्हता. माझी सेल कमांड नाणी हवेतून काढून देत होती, आणि आवक कितीही वाढली तरी भाव ४ चा ४ च.

तेव्हा पहिलं काम हेच: वर्थ नावाची सेल कमांडच्या दरांची फाइल उघडा आणि यंत्रानं पिकणारी प्रत्येक वस्तू तिच्यातून काढून टाका. ऊस, बांबू, निवडुंग, भोपळा, लोखंड. लोखंड विसरू नका, एक गोलेम (गावाची राखण करणारा लोखंडी पुतळा) मेला की लोखंडाच्या ३ ते ५ विटा पडतात आणि खेळातल्या गावकऱ्यांना घाबरवून गोलेम तयार करणारे कारखाने पोरं दोन दिवसांत उभे करतात.

मी हे काम दुसरं केलं, तीच चूक. आधी सगळ्यांची शिल्लक निम्मी केली. शहापूरच्या एका मुलीनं गळ टाकून मासे धरून १,२०० नाणी जमवली होती, तिची ६०० झाली. भाच्यानं तोवर पैशाचे हिरे करून पेटीत ठेवले होते, त्याचं काहीच गेलं नाही. आणि ऊसखरेदी चालूच असल्यामुळे आठवड्यात पैसा होता तिथं परत आला. त्या मुलीला मी ६०० परत दिले. भाचा उलट मलाच म्हणाला, "मामा, मी काय चोरी केलो काय?" नव्हतीच केली. दर मीच लिहिला होता.

साचलेला पैसा काढायचा तर लिलाव करा. स्पॉनजवळच्या, म्हणजे खेळाडू पहिल्यांदा उतरतात त्या चौकाजवळच्या, जागा मी दर रविवारी लिलावात काढतो आणि जिंकणाऱ्याची रक्कम इको-टेक या खात्यातून नाणी काढायच्या कमांडनं कायमची पुसतो. निम्म्या जागा मात्र चिठ्ठ्या टाकून फुकट देतो, नाहीतर चौकातली सगळी जागा उसवाल्यांचीच व्हायची. पोरांच्या आपसातल्या दुकानांना चेस्टशॉप हे पेटीतून विक्री करणारं प्लगिन लावा आणि प्रत्येक विक्रीवर थोडी कपात ठेवा, पण ती कुणाच्याही खात्यात जमा होऊ देऊ नका, ॲडमिनच्या तर नाहीच. ओल्ड स्कूल रुनस्केप या ऑनलाइन खेळानंही २०२१ मध्ये आपल्या बाजारात १ टक्का कर लावला.

कमांडला पैसे लावायची सोय आहे, पण घरी परतायच्या कमांडला लावू नका. ५० नाणी भाच्याला काहीच नाहीत, नव्या पोराची मात्र ती सगळी कमाई असते. नव्या पोराला रोख देण्यापेक्षा कुदळ आणि भाकरी द्या.

एका पालकानं पोरासाठी यूपीआयवर पैसे पाठवून हिरे मागितले होते. नाही म्हणा. पैसे घेऊन खेळात वरचढ करणाऱ्या वस्तू विकायला माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगनं २०१४ पासूनच मनाई केली आहे.

दर रविवारी बालटॉप या शिल्लक दाखवणाऱ्या यादीतली सर्व्हरची एकूण शिल्लक वहीत लिहा. एका माणसाची शिल्लक बघून काही कळत नाही, एकूण आकडा बघा. आमचा आकडा सात आठवडे उतरतोय, हिरा १,१०० वर आलाय. भाचा आता उसाचा कागद करून दुकानात विकतो. गेल्या आठवड्यात गिऱ्हाईकच फिरकेना म्हणून त्यानं आपल्या हातानं पाटीवरचा भाव खोडला आणि निम्मा लिहिला.