पुलिकतला खारटपणा मोजायला निघण्याआधी

मागच्या वर्षी आम्ही बडोद्याहून सहा जण चेन्नईच्या उत्तरेला, समुद्रालगतच्या पुलिकत सरोवरावर गेलो. वर नद्यांचं पाणी शेतीला वळवल्यामुळे खाली सरोवराचं काय होतं, हे बघायचं होतं. दोन दिवस नावेत बसून चाळीस बाटल्या भरल्या आणि त्यातून एकही धड निष्कर्ष निघाला नाही. कारण एकच: सरोवराचं समुद्राकडचं तोंड कधी उघडलं हे कुणी विचारलंच नाही. यंदा दुसरी तुकडी जाते आहे, म्हणून हे लिहून ठेवतो.

तिकीट, टोपी, खाखरे हे सांगायला नको. नवजीवन एक्सप्रेसने चेन्नई, लोकलने पोन्नेरी, पुढे बस. महिना मात्र विचार करून ठरवा. आपला पावसाळा जून ते सप्टेंबर. तिथे आरणी आणि काळंगी या नद्यांना खरं पाणी येतं ते ऑक्टोबर ते डिसेंबरात. सप्टेंबरअखेर जाऊन वहीत 'पावसाळा सरतानाचं पाणी' असं लिहिलंत तर तिथली शाळकरी पोरंही हसतील.

आता तोंड. आपल्याला ते सुचत नाही, कारण आपण खंभातच्या आखातावरचं कावी-कंबोई बघून वाढलेलो. तिथला महादेव भरतीला रोज बुडतो आणि ओहोटीला पुन्हा वर येतो. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. एवढं पाणी आत-बाहेर करत असताना वाळूचा बांध टिकणार कुठे? पुलिकतच्या किनाऱ्यावर तोच फरक जेमतेम मीटरभर, आणि वाळू किनाऱ्यालगत सारखी सरकत असते. नदीचा लोंढा असेपर्यंत तोंड उघडं राहतं. लोंढा ओसरला की वाळू ते बुजवते, मग कोळी फावडी घेऊन खणतात. वरच्या तलावांनी आणि बंधाऱ्यांनी लोंढाच अडवला तर वाळूचं आणखी फावतं. म्हणजे शेतीसाठी अडवलेल्या पाण्याचा घाव सरोवराच्या तोंडावरही बसतो, आणि आम्ही तोंड सोडून सगळं मोजत बसलो.

बंद तोंडामागे पाणी कसं असेल हेही अंदाजाने लिहू नका. वरून पाणी येत नसेल तर उन्हाळ्यात ते आटून समुद्रापेक्षा खारट होतं. समुद्रात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ. पुलिकतच्या उत्तर भागात उन्हाळ्यात त्याहून जास्त भरतं. पण त्याच बंद तोंडामागे कालव्याचा निचरा येत असेल तर पाणी गोड होत जातं. श्रीलंकेत बुंदलाजवळच्या मलाला आणि एम्बिलिकाला या सरोवरांचं तेच झालं: 1980च्या दशकात किरिंदी ओयावर लुणुगम्वेहेरा धरण झालं, भातशेतीचं उरलेलं पाणी सरोवरात उतरू लागलं, खारटपणा घटला आणि कोळंबीही घटली. पाणी चढलं की तिथेही वाळू कापून तोंड उघडतात. म्हणून वरच्या गावांत जाऊन विचारा: कालव्याच्या पाण्याची पाळी कधी सुटते, किती दिवस चालते, शेतातलं उरलेलं पाणी कोणत्या चरातून कुठे जातं. पाळीच्या तारखा आणि तोंडाच्या तारखा वहीत शेजारी शेजारी हव्यात.

ओडिशातल्या चिलिका सरोवराचं उदाहरणही वाचून जा. महानदीवर हिराकूड 1957 पासून आहे, खाली कालव्यांचं जाळं आहे, तेव्हा बिघाडाचं खापर नद्यांवर फोडणं सोपं होतं. पण समुद्राकडे जाणारी वाटही गाळाने चोंदली होती. सप्टेंबर 2000 मध्ये नवं तोंड खणल्यावर खारटपणा आणि मासे दोन्ही परतले. 1993 मध्ये धोक्यातल्या पाणथळींच्या मॉन्त्रो यादीत गेलेलं हे सरोवर 2002 मध्ये यादीतून बाहेर आलं.

सामान. खारटपणा मोजायचं मीटर आणि ते तपासायला त्याचं प्रमाण द्रावण, म्हणजे खारटपणा आधीच माहीत असलेलं पाणी. द्रावणाशिवाय मीटर म्हणजे खेळणं. आपल्या सुरसागर तलावावर तालीम करू नका, तिथे सगळंच गोड. गाठी मारलेली दोरी आणि खाली वजन. बुचाची बाटली, बुचाला वेगळा दोरा, तळाशी गेल्यावर ओढायचा. खारं पाणी जड, ते खाली बसतं. पुलिकत बहुतेक उथळ आहे, वाऱ्याने घुसळून निघतं, पण तोंडाजवळच्या खोल वाटेत हा फरक सापडतो.

पोचल्यावर आधी मीटर काढू नका. आधी तोंडावर चालत जा, फोटो काढा, पाण्याची पातळी एखाद्या खांबावर खूण करून ठेवा, आणि विचारा. तमिळमध्ये तोंडाला मुगत्वारम म्हणतात, आपलं मुखद्वारच ते. एवढा एक शब्द पाठ करून जा. आम्हाला शेवटच्या दिवशी, बस यायच्या आधी, चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या कोळ्याने हातवारे करून सांगितलं की आठच दिवसांपूर्वी गावाने मिळून ते खणलं होतं. आमच्या चाळीस बाटल्यांत नदीची कहाणी नव्हतीच, आठ दिवसांचा समुद्र होता. कधी उघडलं, कुणी उघडलं, त्याआधी किती दिवस बंद होतं: तिन्ही विचारा, दोघा-तिघांना विचारा.

नमुने घेताना वेळ आणि भरती लिहा, चिठ्ठीवर पेन्सिलीने. परतताना नावा, खाणं, पैसे, ते तुम्ही बघा. बाटल्या वरच्या बर्थवर ठेवू नका. आमची एक भुसावळच्या अलीकडे खालच्या आजींच्या पांघरुणावर सांडली.