पाऊस, घाम, समुद्र आणि मायनस पाचचा नंबर

मायनस पाच म्हणजे डोळ्यापासून २० सेंटीमीटरच्या पुढचं सगळं धूसर, म्हणजे चष्मा काढून बांगडा खायला बसलात तर काटा बोटांनीच शोधायचा. आता लग्न ठरतंय म्हणून म्हणा, भरतीसाठी म्हणा, नायतर जूनपासून काचेवर पाणी घेऊन गाडी चालवायचा वीट आला म्हणून म्हणा, चष्मा सोडायचाय. सोडा की, पण आधी डोळे नीट तपासून घ्या.

दुकानातल्या मशीनच्या चिठ्ठीवर थांबू नका. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ड्रॉप टाकून मागचा पडदा बघून घ्या, आणि त्या दिवशी गाडी चालवायला कोणालातरी सोबत न्या कारण ड्रॉपनंतर काही तास उजेड सोसत नाही. मोठ्या मायनसवाल्यांचा डोळा लांबट असतो, त्यामुळे पडदा ताणला जाऊन पातळ होतो. अचानक विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा एका बाजूने सावली आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, आठवडी बाजार होऊदे मग बघू असं करायचं नाही. आणि हा धोका लेझरने नंबर घालवला तरी जात नाही, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

चष्माच ठेवणार असाल तर आपल्या कोकणच्या हवेत स्वस्त धातूची फ्रेम नको. खारा वारा आणि घाम, स्क्रू गंजतात आणि नाकावरच्या पॅडला हिरवं चढतं. प्लास्टिकची किंवा टायटॅनियमची घ्या, फ्रेम लहान ठेवा म्हणजे मोठ्या नंबरची काच कडेला जाड दिसत नाही, परवडत असेल तर हाय इंडेक्सची काच, म्हणजे त्याच नंबराला पातळ बसणारी. किनाऱ्यावरून आल्यावर शर्टाला पुसायची सवय सोडा, वाळूने ओरखडे पडतात, आधी गोड्या पाण्याने धुवा. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलात तर कोटिंगला बारीक तडे जातात. होडीत चढताना मागे दोरी लावा. आणि जुना का असेना पण एक जादा चष्मा बॅगेत पाहिजेच.

कॉन्टॅक्ट लेन्स लग्नाला, क्रिकेटला झकास. पण पाणी म्हणजे लेन्सचा वैरी, मग ते विहिरीचं असो, नळाचं की बाटलीचं. पाण्यात अकँथामीबा नावाचा सूक्ष्म जीव असतो, तो लेन्सखाली कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थरात, शिरला की उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि नजर जाऊ शकते. म्हणून तारकर्लीला स्नॉर्कलिंगला जाताना लेन्स काढूनच, नंबरचा मास्क मिळतो तो बघा. मासळी साफ केली, मिरच्या चिरल्या, आंब्याचा चीक लागला तर हात साबणाने धुवून कोरडे केल्याशिवाय लेन्सला हात नाही. मुंबईच्या रात्रीच्या गाडीत तर लेन्स घालून अजिबात झोपायचं नाही. रोज फेकायच्या लेन्स महाग पडतात पण माझ्या मते इथे त्याच बऱ्या, सोल्यूशन आणि डबीची भानगडच नाही.

आता लेझर. वय १८ च्या वर, नंबर किमान वर्षभर न बदललेला, कॉर्निया पुरेसा जाड आणि आकाराने ठीक, डोळे फार कोरडे नकोत. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर थांबा. तपासणीच्या आधी लेन्स काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, किती ते डॉक्टरला विचारा, नाहीतर मोजमाप चुकतं. लेझरचे प्रकार असे: लॅसिकमध्ये कॉर्नियाचा पापुद्रा उचलून खाली लेझर मारतात, नजर लवकर येते. पीआरकेत पापुद्रा नसतो, पहिले काही दिवस चुरचुरतं आणि साफ दिसायला वेळ लागतो, पण कबड्डी खेळणाऱ्याला किंवा मार लागायचा धोका असलेल्याला ते बरं कारण सरकायला पापुद्राच नाही. स्माईलमध्ये लेझरने कापलेली कॉर्नियाच्या आतली पातळ चकती छोट्या छेदातून काढतात. नंबर फारच मोठा किंवा कॉर्निया पातळ असेल तर डोळ्याच्या आत लेन्स बसवतात, ती आयसीएल. यातलं काहीही केलंत तरी चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागू शकतो. भरतीसाठी करत असाल तर त्या खात्याचे नियम आधी वाचा, काही ठिकाणी लेझर केलेले डोळे चालत नाहीत.

सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट म्हणजे अंतर. ऑपरेशन करून त्याच दिवशी घाट उतरून गुहागरला येता येत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायचं असतं आणि नंतरही फेऱ्या असतात. म्हणून कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईत जिथे नातेवाईक असेल तिथेच करा. नंतर काही दिवस डोळ्यात पाणी आणि धूळ जाऊ द्यायची नाही, पोहणं काही आठवडे बंद, म्हणजे शिमग्याच्या तोंडावर किंवा गणपतीच्या आधी तारीख घेऊच नका.

पैसे विचारताना तपासण्या, औषधं आणि नंबर थोडा राहिला तर दुसऱ्यांदा करायचा खर्च धरलाय का ते विचारा. आणि डॉक्टर म्हणाला तुमच्या डोळ्यांना नको, तर करून देणारा कोणी सापडतोय का म्हणून फिरू नका, कॉर्नियाच्या नकाशाचा रिपोर्ट मागून घ्या आणि तो दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.