मामांच्या माळ्यावरचा पितळी स्टोव्ह: पेटवायचा कसा, सांभाळायचा कसा

नौपाड्यातलं मामांचं घर रिडेव्हलपमेंटला गेलं तेव्हा माळा रिकामा करायला मी गेलो होतो, आणि एका गोल पत्र्याच्या डब्यात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला छोटासा स्टोव्ह निघाला. टाकी वेगळी, बर्नर वेगळा, तीन पाय वेगळे. मामी म्हणाली भंगारात टाक, आणि मामा जवळजवळ ओरडलेच, "अरे थांब, प्रायमस ९६ आहे तो, माहुली किल्ल्याच्या पायथ्याला ह्याच्यावर पिठलं केलंय आम्ही!" तो आता माझ्याकडे आहे, आणि तो नीट चालायला लागेपर्यंत मी जेवढे घोळ घातले ते सगळे खाली येतीलच.

प्रायमस ९६ म्हणजे पंप मारून पेटवायचा रॉकेलचा छोटा स्टोव्ह, म्हणून आधी हे बघा की तुमच्याकडचाही रॉकेलचाच आहे ना. दिसायला सारखेच पितळी, पण ऑप्टिमस ८आर किंवा स्वेआ १२३ हे पेट्रोलवरचे आहेत, त्यांच्या झाकणात सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. रॉकेलवाल्याला पंप असतो आणि झाकणावर हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो, तो सैल केला की स्टोव्ह विझतो. पण नुसता पंप दिसला म्हणून खूश होऊ नका, ऑप्टिमस १११ रॉकेलचा आणि १११बी पेट्रोलचा, दोघांनाही पंप आहे, म्हणून टाकीवर किंवा डब्यावर काय कोरलंय ते वाचा. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल कधीही, चमचाभरसुद्धा टाकायचं नाही. डिझेलही नको, नुसती काजळी धरते.

हे मशीन आतून फार साधं आहे. स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट नावाच्या माणसाने १८९२ मध्ये काढलं तेच अजून, हिलरी-तेनझिंगच्या १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही प्रायमसच होते. पंपाने टाकीत हवा भरली की रॉकेल वर ढकललं जातं, तापलेल्या बर्नरमधून जाताना त्याची वाफ होते, ती निप्पलच्या बारीक भोकातून जोरात बाहेर येते, हवेत मिसळते आणि निळी जळते. यातला "तापलेल्या" हा शब्द महत्त्वाचा. बर्नर थंड असेल तर वाफ होतच नाही, पातळ रॉकेलची पिचकारी उडते, म्हणून आधी त्याच्याखाली स्पिरिट जाळून तो तापवायचा. मी पहिल्या दिवशी बाल्कनीत हेच केलं, स्पिरिट अर्धं जळलं नाही तोच पंप मारला आणि पिवळा भडका माझ्या छातीपर्यंत आला, वाळत घातलेल्या टॉवेलची कड जळाली आणि समोरच्या काकू खिडकीतून "अहो काय करताय" म्हणून ओरडायला लागल्या. तेव्हापासून बाल्कनी बंद, गावाला अंगणात किंवा मोकळ्या जागेतच.

पेटवण्याआधी पंपाचं काम करा. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या स्टोव्हचा पंप हवा धरत नाही, कारण दांड्याच्या टोकाचा चामड्याचा वायसर वाळून खडखडीत झालेला असतो. तो वाटीसारखा असतो, दांडा बाहेर काढा, वायसर रात्रभर तेलात भिजू द्या आणि बोटाने हळूच कडा बाहेर फाकवा, की तो नळीला घट्ट घासत जाईल. मी आधी खोबरेल लावलं होतं, घरात झकास चाललं, मग डिसेंबरात पहाटे मुरबाडला गेलो तर खोबरेल थिजलेलं आणि पंप जाम. आता शिलाई मशीनचं तेल वापरतो. वायसर फाटलाच असेल तर जुन्या सायकलवाल्याकडे पंपाचं चामडं मिळतं, कात्रीने थोडं कापून बसवता येतं.

मग गळती बघायची. टाकीत काही न भरता सगळं घट्ट लावून आठ-दहा पंप मारायचे आणि बादलीभर पाण्यात बुडवायचा, पंक्चरवाला ट्यूब बघतो ना अगदी तसं. निप्पलमधून बुडबुडे आले तर उत्तम, म्हणजे भोक मोकळं आहे. झाकणाशी आले तर रबर गेलंय, तिथे नायट्राइल रबरचा वायसर टाका, साधं रबर रॉकेलमध्ये फुगतं. बर्नरच्या आट्यांपाशी आले तर तिथला शिशाचा वायसर बदलायचा. पंपाचा दांडा आपोआप वर यायला लागला, किंवा पुढे कधी पंपाच्या नळीत रॉकेल आलं, तर नळीच्या तळाचा व्हॉल्व्ह गेलाय, त्यातला बुच कुजलेला असतो. आणि टाकीच्याच पत्र्यातून बुडबुडे आले तर तो स्टोव्ह शोकेसमध्ये ठेवा. डाग देऊन चालवतात लोक, मी नाही चालवणार, आत प्रेशर असतं. टेस्ट झाली की आतलं पाणी झटकून टाकी उन्हात पूर्ण वाळवायची.

आता पेटवणं. रॉकेल तीन चतुर्थांशच भरायचं, वर हवेला जागा लागते, आणि जुन्या सुती कापडातून गाळून घ्यायचं कारण निप्पलला कचरा अजिबात चालत नाही. हवेचा स्क्रू उघडा ठेवायचा. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट ओतायचं (हार्डवेअर किंवा रंगाच्या दुकानात मिळतं, थिनर घेऊ नका) आणि काडी लावायची. घरी आजी काकडा वापरायची, तारेला गुंडाळलेली चिंधी स्पिरिटच्या बाटलीत बुडवलेली, तेही चालतं. मग गप्प बसायचं. मोबाईल बघा, कांदा चिरा, काहीही करा पण पंपाला हात लावू नका. स्पिरिटची ज्योत अगदी विझत आली की स्क्रू बंद करून दोन-तीन पंप, हलके. फर्रर्र आवाज आला आणि ज्योत निळी असली की मग पंधरा-वीस पंप मारून पूर्ण जोरात. ज्योत पिवळी आणि उंच आली तर लगेच स्क्रू उघडा, थंड होऊ द्या, परत पहिल्यापासून. हो, परत स्पिरिट ओतून. पण वाटी गरम असताना बाटली जवळ आणायची नाही, आणि पेटलेल्या किंवा गरम स्टोव्हमध्ये रॉकेल भरायचं नाही, तेवढी घाई कोणत्याच चहाला नसते. अंगात नायलॉन-पॉलिस्टर नको, आईचा नियम आहे, स्टोव्हपाशी कॉटनच.

ज्योत एका बाजूने लंगडी झाली किंवा आवाज बारीक झाला की समजायचं निप्पल चोंदलंय. पिन आठवते का, पत्र्याची लांबट पट्टी आणि टोकाला केसासारखी तार? हवा सोडून, ज्योत विझवून, वरून सरळ एकदा घालून काढायची. सुई किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं झालं की ज्योत कायमची पिवळी होते आणि नवीन निप्पलशिवाय इलाज नाही.

वारा लागू नये म्हणून पत्र्याचा आडोसा लावतात तो ठीक आहे, पण टाकीभोवती गच्च लावू नका, टाकी तापते. मोठा तवाही नको, त्याची धग खाली येते. टाकीला हात लावून बघा, हात ठेवता येत नसेल तर बंद करा. तंबूत किंवा खिडक्या लावलेल्या खोलीत तर पेटवायचाच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ठाणेकरांसाठी एक वेगळी गोष्ट. माहुलीसाठी आसनगावला लोकलने निघालात तर रॉकेलची बाटली बॅगेत चालत नाही, ज्वलनशील वस्तू गाडीत न्यायला मनाई आहे, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ मध्ये ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मी मित्राच्या गाडीने नेतो, रॉकेल घट्ट झाकणाच्या डब्यात, स्टोव्हची टाकी रिकामी. आणि येऊरला ट्रायल घ्यायचा विचार सोडा, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे आग नाही.

घरी आल्यावर टाकीतलं रॉकेल काढून टाका, राहिलं तर चिकट होऊन तळाला बसतं. पितळ चमकवायला चिंच किंवा पितांबरी (ती पण आपल्या ठाण्याचीच), पण निप्पलला आणि आट्यांना लागू देऊ नका, आणि नीट धुऊन पुसून वाळवा, पावसाळ्यात आपल्याकडे आठवड्यात हिरवं चढतं. झाकण सैल ठेवा म्हणजे रबर दबून राहत नाही, पंपाच्या वायसरला दोन थेंब तेल सोडा, आणि पिन त्याच डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवा. माझी दोनदा हरवली, दोन्ही वेळा शर्टच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये.