बीपीची गोळी चालू आहे आणि लेह-केदारनाथला जायचंय? तयारी अशी करा

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या टोळक्यात दर उन्हाळ्यात हा विषय निघतोच. कुणी केदारनाथचं बुकिंग केलेलं असतं, कुणी लेहचं. कुणीतरी हळूच विचारतं, "बीपीची गोळी चालू हाय, जाऊ का नको?" लगेच दुसरा म्हणतो, "काय हुतंय? दर रविवारी जोतिबा चढतोय की आपण!"

घोळ इथंच होतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटरवर आहे. जोतिबा आणि पन्हाळा हजार मीटरच्या आतच. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटर. लेह मात्र 3,500 मीटरच्या आसपास, केदारनाथ 3,583 आणि खारदुंग ला हा लेहजवळचा घाट 5,359. तीन कळसूबाई एकावर एक रचले तरी खारदुंग ला वर उरतोच. जोतिबाच्या पायऱ्यांनी मांड्या आणि दम तयार होतो, उंचीची सवय होत नाही.

मी सात वर्षं बीपीची गोळी घेतो. दोन वर्षांपूर्वी लेहला जाऊन आलो. त्यावेळी जे केलं आणि जे करायला हवं होतं, ते खाली क्रमानं लिहितो.

आधी समजून घ्या: वर गेल्यावर होतं काय

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कोल्हापुरात 21 टक्के आणि लेहलाही 21 टक्केच. फरक पडतो तो हवेच्या दाबात. लेहला हा दाब समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश भरतो, खारदुंग लाला जवळपास निम्मा. त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. मानेतल्या धमन्यांपाशी ऑक्सिजनवर पहारा ठेवणाऱ्या छोट्या गाठी असतात, त्या मेंदूला खबर देतात. मग श्वास वाढतो, नाडी पळायला लागते, रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं.

यात एक मेख आहे. पहिल्या काही तासांत ऑक्सिजनच्या कमतरतेनं रक्तवाहिन्या थोड्या सैलही होतात. म्हणून उतरल्या उतरल्या मोजलं तर बीपी नेहमीसारखं किंवा कमीसुद्धा दिसू शकतं. खरी चढ पुढच्या एक-दोन दिवसांत होते. त्यात एरवी रात्री झोपेत बीपी उतरतं, उंचीवर ते तेवढं उतरत नाही.

फुप्फुसाचं गणित वेगळं आहे. उसाला पाणी पाजताना एखादी सरी फुटली की आपण तिचं तोंड बांधतो आणि पाणी दुसऱ्या सरीकडं वळवतो. फुप्फुसही असंच करतं. जिथं हवा कमी, तिथली रक्तवाहिनी आवळून रक्त हवेशीर भागाकडं पाठवतं. उंचीवर मात्र सगळीकडंच हवा विरळ, म्हणजे सगळ्याच सऱ्यांची तोंडं बांधल्यासारखं. मग मोटारीवर ताण येतो. ही मोटार म्हणजे हृदयाची उजवी बाजू. दंडावरच्या बीपीच्या पट्ट्यात हा दाब दिसत नाही.

पायरी 1: महिनाभर आधी डॉक्टरांना गाठा

निघायच्या आदल्या आठवड्यात नको, कारण गोळी बदलायची ठरली तर ती अंगी लागायला वेळ हवा. अलीकडे हार्ट अटॅक आलेला, नुकताच स्टेंट बसवलेला, थोडं चाललं तरी छातीत दुखणारा, हार्ट फेल्युअर आटोक्यात नसलेला किंवा फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब आधीच वाढलेला, अशा माणसानं हृदयरोगतज्ज्ञाच्या स्पष्ट होकाराशिवाय तिकीट काढूच नये. गोळ्या घेऊनही बीपीच्या दोन आकड्यांतला वरचा, म्हणजे मोठा आकडा 160 च्या पुढंच राहत असेल तर आधी ते खाली आणा, सहलीचं मग बघा. अमरनाथ यात्रेला आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचं आहे. ओळखीच्या डॉक्टरांकडून न तपासता सही आणणारे लोक मी पाहिलेत. त्यात फसवणूक स्वतःचीच होते.

पायरी 2: घरचा आकडा लिहून काढा

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठीला टेका, पाय जमिनीला टेकलेले, हात छातीच्या उंचीवर. दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहायचे, नाडीसुद्धा. हेच मशीन सोबत न्यायचं. घरचा आकडाच माहीत नसेल तर उंचीवर तो किती वाढला हे कसं कळणार?

पायरी 3: गोळ्यांची पिशवी

नियमित गोळी बंद करायची नाही, नेहमीच्या वेळेला घ्यायची. जेवढे दिवस तेवढ्याच गोळ्या नेऊ नका. रस्ता बंद होणं, विमान रद्द होणं तिकडं नवं नाही. निम्म्या हँडबॅगेत, निम्म्या सोबत्याकडं.

डॉक्टरांना तीन गोष्टी आवर्जून विचारा. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ती नाडी वाढू देत नाही आणि वर चढताना दम लवकर लागतो. मात्र ही गोळी एकदम सोडणं जास्त धोक्याचं, म्हणून स्वतःच्या मनानं काही करू नका. लघवी वाढवणारी गोळी असेल तर अंगातलं पाणी आणि पोटॅशियम दोन्ही घटू शकतं, कारण उंचीवर तशीही लघवी वाढते. तिसरी डायमॉक्स. विरळ हवेची सवय लवकर व्हावी म्हणून ती देतात, सहसा आदल्या दिवसापासून. तीही लघवी वाढवते, बोटांना मुंग्या आणते आणि सल्फा गटातल्या औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगावंच लागतं. मित्रानं घेतली म्हणून आपण घेतली, हे इथं चालत नाही. डोकं दुखलं तर आयबुप्रोफेनपेक्षा पॅरासिटामॉल बरं, आयबुप्रोफेननं बीपी वाढू शकतं.

पायरी 4: सहलीचा आराखडा बदलून घ्या

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक हिलाच कात्री लावतात. दिल्लीहून विमान सव्वा-दीड तासात लेहला टेकतं. शरीराला वाटेत जुळवून घ्यायला काही वेळच मिळत नाही. तरी टूरवाले दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ठेवतात! सरळ सांगा, पहिले दोन दिवस लेहमध्येच आराम, मग पुढं. 3,000 मीटरच्या वर रोज झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून जास्त उंच नसावी आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये. नुब्राचं खोरं लेहपेक्षा खाली आहे, म्हणून आधी नुब्रा आणि मग पँगाँग सरोवर हा क्रम शहाणपणाचा.

केदारनाथला हेलिकॉप्टरनं जाणाऱ्यांनी हे खास वाचावं. चालायचे कष्ट वाचतात, पण उंची काही मिनिटांत अंगावर येते. गौरीकुंड साधारण 2,000 मीटरवर आहे. आदल्या रात्री निदान तेवढ्या उंचीवर झोपा, वर दर्शनाची घाई-पळापळ करू नका.

"मी तालमीतला गडी, मला काय हुतंय" म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. 1962 च्या युद्धाच्या काळात आपले जवान झटपट हिमालयात पोचवले गेले आणि आजारी पडले. लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी अशा 1,925 जवानांचा अभ्यास 1969 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. तरणीबांड, कसलेली माणसं होती ती.

पायरी 5: पहिले 48 तास

खोलीत सामान टाका आणि लोळा. आमच्यातले एक दाजी पहिल्याच संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढून आले, फोटो टाकले, आणि रात्रभर डोकं धरून उलट्या करत बसले. माझं बीपी घरी 130 च्या आत असायचं, दुसऱ्या रात्री 156 आलं. मी घाबरून अर्धी गोळी जास्त घेणार होतो. फोनवर डॉक्टरांनी थांबवलं. चौथ्या दिवशी 140 पर्यंत आलं. असा एखादा वाढलेला आकडा, काही त्रास नसेल तर, शांत बसून पुन्हा मोजायचा. तो 180 च्या पुढं टिकून राहिला, किंवा सोबत छातीत दुखणं, दम, धूसर दिसणं असेल, तर सरळ दवाखाना. लेहमध्ये सोनम नोरबू मेमोरियल हे सरकारी हॉस्पिटल आहे.

दारू आणि झोपेची गोळी दोन्ही टाळा, श्वास मंदावतो. रात्री झोपेत श्वास काही सेकंद थांबून पुन्हा जोरात सुरू होतो आणि शेजारचा दचकतो. हे उंचीवर बऱ्याच जणांना होतं.

पायरी 6: डब्यातलं मीठ

कोल्हापूरकर कुठंही गेला तरी सोबत भडंग, खर्डा, लोणचं, शेंगदाण्याची चटणी असतेच. लेहच्या हॉटेलातलं पिवळं वरण बघितल्यावर डबा उघडावासाही वाटतो. पण बीपीवाल्यांनी हात आखडता घ्यावा, यात पोटभर मीठ असतं. पाणी तहानेपेक्षा थोडं जास्त, उगाच घागरभर नाही.

पायरी 7: या खुणा दिसल्या की खाली

हलकी डोकेदुखी, मळमळ असेल तर आहे तिथंच थांबा, वर जाऊ नका. बसल्या जागी धाप, थांबत नाही असा खोकला, फेसाळ गुलाबी थुंकी म्हणजे फुप्फुसात पाणी. टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालता येत नसेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल तर मेंदूला सूज. दोन्हींत सकाळची वाट बघायची नाही, ऑक्सिजन लावून त्याच रात्री खाली आणायचं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर लेहला 85 ते 90 सहज दिसतं. आकड्यापेक्षा माणसाकडं बघा.

परत आल्यावर

वर असताना डॉक्टरांनी गोळी वाढवली असेल तर खाली येताच त्यांना फोन करा. उंची गेली की बीपीही उतरतं, आणि वाढीव डोस तसाच चालू राहिला तर कोल्हापूर स्टेशनात गाडीतून उतरताना चक्कर यायची. आठवडाभर पुन्हा त्याच वहीत मोजा.