कुत्रा ‘धोकादायक’ ठरवला गेला, तर अपिलाची तयारी

नोटीस हातात पडली की आधी ती कोणत्या दिवशी मिळाली ते लिहून ठेवा, आणि पाकीटही जपा. मुदत फार तोकडी असते. न्यूझीलंडमध्ये लेखी हरकतीला १४ दिवस मिळतात, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये कोर्टात जायला २८, अमेरिकेतल्या ओहायोत सुनावणी मागायला जेमतेम १०. चांगला वकील मिळेपर्यंत थांबण्यात हे दिवस निघून जातात. कुत्र्याला मारण्याचा आदेश असेल तर स्थगितीही त्याच वेळी लेखी मागा. अपील दाखल केलं म्हणून आदेश आपोआप थांबेल, असं गृहीत धरू नका.

मग नोटिशीतलं कलम वाचा. कुत्र्याच्या वागण्यावरून ठपका आहे की त्याच्या जातीवरून? दोन्हींची तयारी पूर्ण वेगळी. ब्रिटनच्या १९९१च्या कायद्यात बंदी असलेला प्रकार शरीराच्या ठेवणीवरून ठरतो आणि कुत्रा त्या प्रकारचा नाही हे मालकाला सिद्ध करावं लागतं. तिथे वंशावळीच्या कागदावर विसंबण्यात अर्थ नाही, मोजमापं घेणारा स्वतंत्र तज्ज्ञ हवा. कुत्रा त्या प्रकारचा निघालाच, तरी तो लोकांना धोका नाही आणि मालक जबाबदार आहे हे कोर्टाला पटलं, तर नसबंदी, मायक्रोचिप, विमा, तोंडाला जाळी अशा अटींवर त्याला ठेवता येतं.

वागण्याचा ठपका असेल तर खरं काम पुराव्याचं. तक्रार, जबाब, जखमेचे फोटो, अधिकाऱ्याचा अहवाल, सगळ्याच्या प्रती लेखी अर्ज करून मागा. आसपासच्या सीसीटीव्हीचं चित्रण त्याच दिवशी मागा, कारण जुन्यावर नवं चढत जातं. घटना घडली त्याच वेळेला जागेवर जाऊन फोटो काढा: फाटक, कुंपणातली फट, उजेड किती होता. साक्षीदाराला काय लिहायचं ते सांगू नका, त्याच्याच शब्दांत लिहू द्या. कुत्र्याला कुणी छेडलं होतं का, कुणी परवानगीशिवाय आवारात शिरलं होतं का, हेही तपासा. अनेक कायद्यांत अशा प्रसंगांना सूट आहे, पण तिची शब्दरचना मुळातून वाचा.

चाव्याची तीव्रता शब्दांत अडकू देऊ नका. पशुवैद्य इयान डनबार यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी यासाठी वापरतात: पहिल्या पायरीत दात त्वचेला लागलेलाच नसतो, सहावीत मृत्यू. ‘आमचा फार गुणी आहे’ या वाक्यापेक्षा वर्तनतज्ज्ञाने या मोजपट्टीवर दिलेला अहवाल कितीतरी वजनदार. पशुवैद्याकडून पूर्ण तपासणीही करून घ्या. सांधेदुखी, कानाचा संसर्ग अशा वेदनांमुळे शांत कुत्राही चावतो, आणि त्यावर उपचार होऊ शकतो. लसीकरण, परवाना, प्रशिक्षण यांचे कागद जोडा. आधीची एखादी घटना असेल तर ती आपणच सांगावी. समोरच्याने ती बाहेर काढली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

कुत्रा जप्त असेल तर भेटीची परवानगी आणि स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी मागा. कोंडवाड्यात घाबरलेल्या कुत्र्याच्या वागण्यावरून त्याचा स्वभाव ठरवला जाऊ नये, हे लेखी मांडा. घरी असेल तर आजपासूनच अटी पाळा: श्वास घेता येईल आणि पाणी पिता येईल अशी टोपलीसारखी जाळी, आखूड पट्टा, आपोआप बंद होणारं फाटक. त्यांच्या पावत्या आणि फोटो तारखेसह ठेवा. माझ्या मते सगळ्या फाइलमध्ये याहून बोलका पुरावा नसतो.

चावा बसलेल्या माणसाच्या घरी जाऊन तक्रार मागे घ्यायची गळ घालू नका, आणि समाजमाध्यमांवर त्याच्याबद्दल एक ओळही लिहू नका. त्याची जखम खरी आहे. ती नाकारून कुत्रा वाचत नाही.

अर्जात मागण्या उतरत्या क्रमाने लिहा: कुत्रा ‘धोकादायक’ असल्याची घोषणा रद्द करा, ते शक्य नसेल तर अटी सौम्य करा, तेही नसेल तर निदान मारू नका, अमुक अटींवर आमच्याकडे किंवा जबाबदार व्यक्तीकडे राहू द्या. कागदांचे तीन संच करा, पानांना क्रमांक घाला. कोर्टाने सांगितल्याशिवाय कुत्र्याला सुनावणीला नेऊ नका.