चुनखडीच्या गुहांजवळ कॅम्पिंगला निघालात? सह्याद्रीतल्या सवयी घरी ठेवा आणि या चुका टाळा

दरवर्षी दिवाळी झाली की नाशिकमधून एखादा तरी ग्रुप मला विचारतो, छत्तीसगडच्या बस्तरमधल्या कांगेर घाटीला जातोय, काय काय घेऊ? आणि दरवर्षी परत आल्यावर त्याच त्या चुका ऐकायला मिळतात. आम्ही अनेक हिवाळे बस्तरला जातोय, नाशिकरोडवरून हावड्याची गाडी, रायपूरला उतरायचं, मग कांकेर, केशकाल घाट, कोंडागाव करत जगदलपूर, रस्ताच जवळपास ३०० किमी. त्यापुढे हे कांगेर घाटीचं जंगल. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, साधारण २०० चौरस किमी, साल आणि सागाचं, खाली सगळी चुनखडी आणि तिच्यात कुटुमसर, कैलास, दंडक अशा गुहा. आणि नाशिककरांना एक सांगायला मला फार आवडतं, तिथली कांगेर नदी कोलाबला मिळते, कोलाब पुढे शबरी होते आणि शबरी आपल्या गोदावरीला मिळते. म्हणजे आपल्याच गोदेचं खोरं आहे ते.

पण दगड आपला नाही, आणि सगळी गडबड तिथेच होते.

आपल्याकडे गुहा म्हणजे मुक्काम. हरिश्चंद्रगड म्हणा, रतनगड म्हणा, साल्हेर म्हणा, पाऊस आला की घुसा आत आणि पसरा मॅट. ही सगळी बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या कातळात, छिन्नीने खोदलेली, पांडवलेणी दोन हजार वर्षं कोरडी उभी आहेत. चुनखडीची गुहा माणसाने खोदलेली नसते, पाण्याने खोदलेली असते. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, भेगांतून खाली उतरतं आणि दगड विरघळवत जातं, हजारो वर्षं. म्हणजे ती पाण्याची वाट आहे आणि पाणी आपली वाट विसरत नाही. कुटुमसर पावसाळ्यात बंद असते ते याचसाठी, आत पाणी भरतं. तरी लोक तीरथगड धबधब्याचे रील बघून ऑगस्टमध्ये तिकडे पोचतात आणि गुहा बंद म्हणून चिडतात.

आता सगळ्यात मोठी चूक, तंबूची जागा. हे मी स्वतः भोगलंय म्हणून सविस्तर सांगतो.

नोव्हेंबर होता, आम्ही नऊ जण, जंगलाच्या हद्दीबाहेर एका गावाजवळ परवानगी घेऊन थांबलेलो. जवळच कोरडा नाला, त्यात गादीसारखी सपाट वाळू. गावातले एक काका गुरं घेऊन चाललेले, थांबून म्हणाले, "भैया, नाला है." मी बघितलं, वाळू कोरडी, वरच्या बाजूला चालून आलो तर तिथेही कोरडं, कुठे ओल नाही, ढग होते ते लांब डोंगरावर, आमच्या डोक्यावर पावसाचा एक थेंब नाही. सह्याद्रीतल्या हिशोबाने जागा बरोबर होती. लावले तंबू.

रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली कारण पाठीखाली तंबूचा तळ हलत होता, पाण्याने भरलेल्या पिशवीवर झोपावं तसा. हात बाहेर काढला तर पाणी, आणि ते कोमट लागलं. बाहेर कडाक्याची थंडी आणि पाणी कोमट, मला दोन सेकंद काही कळेचना. आपल्याकडे नाल्याला पाणी येतं ते गडगडत येतं, आधी आवाज येतो. इथे आवाज होता तो माठातून पाणी ओतल्यासारखा, बुडबुड बुडबुड. टॉर्च मारला तर नाल्याचा वरचा भाग तसाच कोरडा! पाणी येत होतं पन्नास पावलांवरच्या एका खडकाखालच्या भेगेतून, मातकट, उकळल्यासारखं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत यायला अर्धा ताससुद्धा लागला नाही. माणसं सगळी बाहेर निघाली, पण एक स्टोव्ह, दोन सॅक आणि चार-पाच बूट गेले.

झालं असं होतं की संध्याकाळी लांबच्या पठारावर जो पाऊस पडला तो तिथल्याच भोकांतून जमिनीत उतरला, आतल्या आत वाहत आला आणि कितीतरी तासांनी आमच्या उशाशी बाहेर पडला. जमिनीखालून आलेलं म्हणून कोमट. इथे नाल्याची वरची बाजू बघून काहीच कळत नाही.

तेव्हापासून माझी सवय एकच, गावातली खळी कुठे आहेत ते बघायचं. धान झोडपायची जागा कोणी ओलीवर करत नाही, तिच्याच लेव्हलला किंवा वर तंबू, अर्थात मालकाला विचारून. आणि गावातल्या माणसाला "यहाँ रुक सकते हैं क्या" असं विचारायचं नाही, पाहुण्याला नाही म्हणायला ते लाजतात. विचारायचं की "बरसात में पानी कहाँ तक आता है?" ते हाताने दाखवतात, त्याच्या वर जायचं. बशीसारखा गोल खोलगट भाग दिसला तरी तिथे तंबू नको, खाली पोकळी असू शकते. राष्ट्रीय उद्यानाच्या आत तर मनाने कुठेच तंबू ठोकायचा नाही, वनखात्याला विचारा, नाहीतर धुडमारासला होमस्टे आहेत, धुरवा लोकांचं गाव आहे, फार मायेने ठेवतात.

खुंट्या नेतात लोक लांब लांब. माती वीतभर, खाली खडक, वाकतात. दोऱ्या दगडांना बांधा.

दुसरी चूक, जी मला सगळ्यात जास्त लागते, ती हात लावण्याची. छताला लोंबणारे सुळके दिसले की हात जातोच. अरे, ते साधारण शंभर वर्षांत जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात! आपल्या बोटाचं तेल लागलं की तिथे चुना नीट बसत नाही, वाढ थांबते, तो भाग काळा पडतो. एकदा आमच्याच ग्रुपमधल्या एका मुलाने बोटाएवढा तुकडा तोडून खिशात घातला, घरी शोकेसमध्ये ठेवायला. मला कळलं बाहेर आल्यावर. हातात घेऊन बघितला, मधून नळीसारखा पोकळ, तुटलेल्या कडेला साखरेसारखे चमकणारे कण, आणि टोकावर अजून एक थेंब होता, ओला. जो थेंब तिथे चुना सोडून खाली पडणार होता तोच. मी त्या मुलाला घेऊन गेटवर गेलो आणि तुकडा वनरक्षकाच्या हातात द्यायला लावला. तो काही परत जोडता येत नाही. आता गुहेत शिरण्याआधी मी सगळ्यांना हात पाठीमागे बांधायला लावतो, शाळेसारखे. कोणाला राग आला तर येऊ दे.

कुटुमसरमध्ये डोळे निकामी झालेला, रंग उडालेला छोटा मासा आहे, पिढ्यानपिढ्या अंधारात राहिलेला. त्याच्या डबक्यात पाय धुणारे लोक मी बघितलेत. बिस्किटांचा चुरा टाकणारेसुद्धा. नका करू.

मोबाईलच्या टॉर्चवर गुहेत जाऊ नका. कुटुमसरला गाईड असतो, पण स्वतःचा हेडटॉर्च हवाच, वर एक जादा आणि सेल वेगळे. आत दमट असतं, डोकं जड झालं किंवा धाप लागली तर फोटो राहू द्या, बाहेर या, खोलगट भागात कार्बन डायऑक्साइड साठतो. वटवाघळांची विष्ठा असते तिथे मास्क, त्यात फुफ्फुसाला बाधणारी बुरशी असू शकते. गुहेच्या तोंडाशी शेकोटी, उदबत्ती, सिगारेट काहीच नको, धूर आत शिरतो आणि वटवाघळं बिथरतात.

पाणी. झरा काचेसारखा स्वच्छ दिसतो म्हणून लोक ओंजळीने पितात. वाळूतून झिरपलेलं पाणी थोडं तरी गाळलं जातं, चुनखडीत मोठाल्या भेगांतून सरळ वाहत येतं, वरच्या गावात गोठा असला तर त्याचंही पाणी त्यातच. उकळूनच प्या, माझ्याकडे गोळ्याही असतात पण भरवसा उकळण्यावर.

आणि त्या पाण्यात तूर डाळ शिजत नाही! पहिल्या वर्षी दीड तास गॅसवर ठेवली, दाणा तसाच, पोरं उपाशी, सगळे गॅसला दोष देत होते. पाण्यातला कॅल्शियम डाळीचे दाणे कडक ठेवतो. मी आता फक्त मूगडाळ नेतो, दुपारीच भिजत घालतो, टोमॅटो-चिंच शेवटी. मेतकूट असतंच सॅकमध्ये, भात झाला की काम झालं. ज्यांना दोन मिनिटांत होणारं पाकीट हवं असतं त्यांनी त्याचा कचरा नाशिकला परत आणायचीही तयारी ठेवावी.

शनिवार-रविवारमध्ये हे होत नाही, सहा दिवस काढा. घाईत आलेला माणूस संध्याकाळी अंधारात तंबू लावतो आणि वरच्या सगळ्या चुका एकाच रात्रीत करतो.

शेवटचं, मच्छर. बस्तरमध्ये मलेरिया आहे, २०२० पासून तिथे मलेरियामुक्तीची मोठी मोहीम चालू झाली, घराघरात तपासण्या झाल्या, तरी काळजी हवीच. निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या की नाही ते ठरवा, मच्छरदाणी न्या, संध्याकाळी पूर्ण बाह्या. आणि घरी आल्यावर पुढच्या वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, मी बस्तरला जाऊन आलोय. आमच्यातल्या एकाला परतल्यावर अकराव्या दिवशी ताप भरला, तो बदलत्या हवेचा समजून तीन दिवस घरच्या गोळ्यांवर राहिला, चौथ्या दिवशी त्याच्या आईने मला फोन केला तेव्हा रक्त तपासलं गेलं. मलेरियाच निघाला, तोही फाल्सिपेरम, म्हणजे सगळ्यात घातक प्रकार. आठवडा दवाखान्यात काढला त्याने. आता निघतानाच मी सगळ्यांच्या घरच्यांनाही हे सांगून ठेवतो.